अ-१२ मधलं ग्राफिक्स कार्ड आणि अ-१५ मधले तळपाय

उष्णता वर जाते. निसर्गाचा हा नियम आमच्या सोसायटीच्या उपविधींत नाही. त्यामुळे तो सभासदांना बंधनकारक आहे की नाही, हे सात वर्षं कोणालाच माहीत नव्हतं.

मी या सोसायटीचा सेक्रेटरी. दूर उत्तरेकडच्या कायानी गावात, नदीच्या अलीकडे, १९६४ साली बांधलेल्या दोन जिन्यांच्या आणि बत्तीस घरांच्या इमारतीचं इतिवृत्त लिहिण्याचं काम गेली एकोणीस वर्षं माझ्याकडे आहे. (मानधन नाही. मान आहे, असं अध्यक्षबाई म्हणतात.) पुढची हकीकत मी इतिवृत्तांवरूनच सांगतो आहे. जिथे इतिवृत्त गप्प आहे, तिथे मी जिन्यात उभा होतो.

अ-१२ मध्ये यार्नो मोइलानेन राहतो. वय छत्तीस, एकटा, इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींच्या विभागात कामाला. सौनाची, म्हणजे सामाईक वाफस्नानघराची, पाळी न चुकवणारा, जिन्यात भेटला तर मान हलवून पुढे जाणारा, म्हणजे आमच्याकडे ज्याला आदर्श शेजारी म्हणतात तसा. कामावरून आला की रोज संध्याकाळी पाच ते नऊ तो संगणकावर एक खेळ खेळतो. त्या खेळात एक माणूस बर्फाच्या जंगलातून एकटाच चालत असतो आणि अस्वलांपासून जीव वाचवत असतो. (यार्नोच्या खिडकीबाहेर हुबेहूब तसंच बर्फाचं जंगल आहे, आणि त्यातली हालचाल कुठेही अडखळत नाही. पण उणे सत्तावीसमध्ये तिथे जाणार कोण?)

खेळातली चित्रं काढायचं काम संगणकातलं ग्राफिक्स कार्ड करतं. यार्नोचं कार्ड सात वर्षांपूर्वीचं, तीन पंख्यांचं, राय धान्याच्या पावाएवढं जाडजूड. चालू झालं की साडेतीनशे वॉट वीज खायचं आणि खाल्लेली सगळी उष्णतेच्या रूपाने खोलीत सोडायचं. पंख्यांची घरघर कानाशी नको म्हणून यार्नोने संगणकाचा डबा कपाटाच्या डोक्यावर, छताला जवळजवळ टेकवून ठेवला होता.

त्या छताच्या वर अ-१५. तिथे सिल्वी तोलोनेनबाई राहतात. वय ब्याऐंशी. अडतीस वर्षं टपालखात्यात पत्रांची वर्गवारी करून निवृत्त झालेल्या. त्यांच्या दिवाणखान्याची जमीन सात वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यापासून रोज संध्याकाळी ऊबदार होऊ लागली. त्याच वर्षी सोसायटीने इमारतीतले सगळे नळ बदलले होते. तोलोनेनबाईंनी दोन आणि दोन चार केले आणि त्यानंतरच्या प्रत्येक वार्षिक सभेत उठून कमिटीचे आभार मानले. असे सात आभार इतिवृत्तात आहेत. ते सातही कमिटीने एकमताने स्वीकारले. नळांच्या कामात जमीन गरम होण्यासारखं आपण काही केलं नव्हतं, हे ठेकेदाराने एकदा फोनवर सांगून पाहिलं. पण तो सभासद नसल्याने त्याचं म्हणणं नोंदवता आलं नाही.

तर असं सगळं सुरळीत असताना यार्नोने नवं कार्ड घ्यायचं ठरवलं.

हा निर्णय त्याने उतावळेपणाने घेतला असं कोणी म्हणू नये. चार महिने त्याने अभ्यास केला. जुन्या आणि नव्या कार्डांची तुलना करणाऱ्या चित्रफिती असतात. पडदा मधोमध दुभागलेला, डावीकडे जुनं कार्ड, उजवीकडे नवं, आणि दोन्हीकडे तेच अस्वल. निवेदक गंभीर आवाजात सांगतो की उजव्या अस्वलाच्या कानामागची लव पाहा. यार्नोने ती लव, त्याच्याच सांगण्यानुसार, चाळीस-एक वेळा पाहिली. जुनं कार्ड सेकंदाला नव्वद चित्रं काढायचं, नवं एकशे साठ काढणार होतं, आणि तेही निम्म्याहून कमी विजेत. धुलाईघरात जेवणाच्या सुट्टीत तो हे आकडे इतक्यांदा सांगायचा, की त्याच्या टेबलावर नंतर नंतर फक्त कमी ऐकू येणारे लोक बसू लागले.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नवं कार्ड आलं. जुनं खोक्यात भरून तळघरातल्या कोठीत गेलं. यार्नो चार दिवस तरंगत होता. इमारतीची देखभाल बघणारा तेन्हो जिन्यातला बर्फ खरवडत होता, त्याला थांबवून यार्नो म्हणाला, "तेन्हो, दिवस-रात्रीचा फरक आहे रे!"

(जानेवारीत आमच्याकडे दिवस आणि रात्र यांत फारसा फरक नसतो, हे त्याने लक्षात घ्यायला हवं होतं.)

त्याच आठवड्यात तोलोनेनबाईंचा तक्रारअर्ज आला. 'जमीन गेली आहे,' एवढंच एक वाक्य, टपालखात्याच्या वळणदार अक्षरात. तेन्हो थर्मामीटर घेऊन वर गेला.

"वीस पूर्णांक चार," तो म्हणाला. "नियमात बसतंय बाई."

"मी नियमात राहत नाही," तोलोनेनबाई म्हणाल्या. "मी अ-१५ मध्ये राहते."

कमिटीने अर्ज निकाली काढला. पण जिने अडतीस वर्षं चुकीच्या पत्त्यांची पत्रं योग्य दारी पोचवली, तिच्यापुढे 'निकाली' या शब्दाला किंमत किती असणार? बाईंनी वही काढली. ऊब कधी यायची? पाच ते नऊ. कधी यायची नाही? ऐन उन्हाळ्यातल्या सणाला, म्हणजे यार्नो आईकडे जातो तेव्हा. कधी बंद झाली? ज्या दिवशी कचराखोलीत पुठ्ठ्याच्या ढिगावर एक चकचकीत रिकामं खोकं दिसलं त्या दिवशी. एवढं झाल्यावर त्यांनी यार्नोला जिन्यात गाठलं.

"काय रे, नवीन काय घेतलंस?"

चार महिन्यांत त्याला हे आपण होऊन विचारणारं पहिलं माणूस भेटलं होतं. यार्नो पंचवीस मिनिटं बोलला. आमच्या जिन्यात इतकं सलग कोणी बोलल्याची नोंद नाही. लव सांगितली, एकशे साठ सांगितले, बर्फावर पडणाऱ्या सावल्या सांगितल्या. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"आणि गरम किती होतं?"

"अजिबात नाही!" यार्नो आनंदाने म्हणाला. "तीच तर गंमत आहे!"

दुसऱ्या दिवशी दुसरा अर्ज: 'माझी जमीन अ-१२ कडे आहे.'

आता कमिटीला बैठक घ्यावीच लागली. अध्यक्ष राइया केंप्पाइनेनबाई तीस वर्षं वाहनपरवान्याच्या परीक्षक होत्या. समोरच्याला घाम फुटेपर्यंत शांत बसण्याची कला त्यांनी नोकरीतच कमावली. त्यांनी देखभालीच्या जबाबदाऱ्यांचा तक्ता उघडला. त्यात स्वच्छ लिहिलं आहे की घर तापवणारी साधनं ही सोसायटीची जबाबदारी आहे. सदर कार्ड सात वर्षं अ-१५ हे घर तापवत होतं. म्हणजे ते तापवण्याचं साधन होतं. म्हणजे ते सोसायटीच्या अखत्यारीत होतं. म्हणजे यार्नोने लेखी सूचना न देता इमारतीच्या तापन-व्यवस्थेत परस्पर बदल केला होता.

"ते माझं कार्ड आहे हो," यार्नो म्हणाला. "मी विकत आणलेलं."

"रेडिएटरही कोणीतरी विकतच आणतं," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"पण नवं जास्त चांगलं आहे!"

"कोणाला?"

"मला! खेळताना! दिसतं ना ते!"

"दिसतं हे तुझं मत झालं. कमिटीला मोजलेलं लागतं."

"मोजा की मग," यार्नो उसळून म्हणाला. "दारातून नुसता डोकावलो तरी ओळखीन मी."

हे वाक्य मी इतिवृत्तात शब्दशः घेतलं. घेतलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं.

परीक्षेची पद्धत अशी ठरली. मुदत चौदा दिवस. रोज दुपारी चार वाजता, यार्नो कामावर असताना, तेन्हो चिठ्ठी उचलणार आणि चिठ्ठीत येईल ते कार्ड संगणकात बसवणार. (हे काम त्याला यार्नोनेच शिकवलं. तेन्होच्या मते ते नळाचं वायसर बदलण्यापेक्षा सोपं आहे, फक्त पाणी येत नाही.) डब्याला झाकण, पंख्यांचा आवाज येऊ नये म्हणून यार्नोच्या कानाला मोठे हेडफोन. आणि पडद्याच्या कोपऱ्यात सेकंदाला किती चित्रं निघतात तो आकडा दिसत असतो, त्यावर पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवायचा.

या पुठ्ठ्याला यार्नोने हरकत घेतली. "आकडा झाकला तर कळणार कसं?"

अध्यक्षबाई त्याच्याकडे शांतपणे पाहत बसल्या. थोड्या वेळाने त्याने हरकत मागे घेतली.

रात्री आठ वाजता यार्नोने अर्जावर 'जुनं' किंवा 'नवं' लिहायचं. त्याच वेळी वरच्या मजल्यावर तोलोनेनबाईंनी, लोकरी मोजे घालून, जमिनीवर उभं राहून, तेच लिहायचं. तेन्होच्या सूचनेवरून कमिटीच्या टेबलावर एक नाणंही रोज उडवलं जाई: छापा म्हणजे जुनं, काटा म्हणजे नवं.

चौदा दिवस इमारतीत दुसरा विषय नव्हता. यार्नो पहिले तीन दिवस ऐटीत लिहीत होता. चौथ्या दिवशी त्याने लिहिलेलं खोडलं. सातव्या दिवशी तो पडद्याला नाक लावून अस्वलाच्या कानामागे बघत बसलेला तेन्होने पाहिला, आणि अस्वलाने दरम्यान त्याला दोनदा खाल्लं होतं. दहाव्या दिवशी धुलाईघरात तो कोणाशीच कार्डाबद्दल बोलला नाही. त्याच्या टेबलावर पुन्हा ऐकू येणारे लोक बसू लागले.

निकाल सौनाशेजारच्या सभागृहात जाहीर झाला. एकतीस लोक हजर होते, जे सोसायटीच्या इतिहासात फक्त नळांच्या वेळी घडलं होतं. मी वाचून दाखवलं:

तोलोनेनबाई, लोकरी मोज्यांतून: चौदापैकी चौदा.
नाणं: चौदापैकी आठ.
यार्नो मोइलानेन: चौदापैकी पाच.

कोणी हसलं नाही. आमच्याकडे लोक घरी जाऊन हसतात.

यार्नोचे कान लाल झाले होते. "काहीतरी चुकलंय," तो म्हणाला. "एकशे साठ आणि नव्वद. हा फरक आहे. तो असतोच."

मागे उभा असलेला तेन्हो खाकरला. "कार्डं बदलताना मी पडद्याच्या मागचं लेबल वाचलं," तो म्हणाला. "त्यावर लिहिलंय, सेकंदाला साठ. म्हणजे पडदा साठच चित्रं दाखवतो. तुझा पडदा बारा वर्षांचा आहे यार्नो."

नंतर ब-४ मधल्या ओस्मो हुट्टुनेनने सगळ्यांच्या मनातला प्रश्न विचारला. "मग उरलेली शंभर चित्रं जातात कुठे?"

"माझ्याकडे येत नाहीत," तोलोनेनबाई म्हणाल्या.

यार्नो उठला आणि टोपी विसरून निघून गेला.

पाच दिवस अ-१२ मध्ये संगणक चालू झाला नाही. जुन्या कार्डाने नाही, नव्याने नाही. बाहेर उणे एकतीस. कमिटीपुढे पेच असा, की कार्ड कोणतं बसवायचं हे ठरवायचा अधिकार आपल्याला आहे असं आम्ही सिद्ध केलं होतं, पण माणसाला खेळायला लावायचा अधिकार कोणत्याच तक्त्यात सापडेना. मी दोन रात्री शोधला. (अनिवार्य खेळाचा मसुदा मी तयार केला होता: 'ऑक्टोबर ते एप्रिल, दररोज चार तास, पुरेसा जड खेळ.' अध्यक्षबाईंनी तो वाचला आणि माझ्याकडे शांतपणे पाहिलं.)

सहाव्या दिवशी संध्याकाळी तोलोनेनबाई स्वतः खाली आल्या. एका हातात रॉन्टोनेनची बशी (राय धान्याच्या पोळीत बटाटा आणि लिंगनबेरीची आंबट रानफळं भरून भाजतात, ती), दुसऱ्या हातात यार्नोची टोपी. मी तेव्हा जिन्यातली नोटीस सरळ करत होतो. ती बरीच वाकडी होती, त्यामुळे वेळ लागला.

"रागावलास?"

"नाही."

"मग खेळत का नाहीस?"

"काय उपयोग," यार्नो म्हणाला. "चार महिने, तोलोनेनबाई. चार महिने मी दुसरं काही बोललो नाही. कामावर आता मला 'पाच' म्हणून हाक मारतात. मला काही दिसतच नाही हे अख्ख्या गावाला कळलं."

"मला तरी कुठे दिसतं? माझा मोतीबिंदू पिकलाय." त्या आत जाऊन खुर्चीवर बसल्या. "चालू कर बघू."

पडद्यावर जंगल आलं. पुठ्ठ्याचा तुकडा अजून कोपऱ्यात चिकटलेला होता. दोघं त्या एकट्या माणसाला बर्फातून चालताना बघत राहिली.

"छान आहे की," बाई म्हणाल्या. "हे नव्या कार्डाचं का जुन्या?"

"नव्या. पण त्या चित्रफितीत ना, दोन्ही शेजारी-शेजारी असतात, तेव्हा इतकं स्पष्ट दिसतं—"

"शेजारी उभी राहिली की माझी बहीणही माझ्यापेक्षा देखणी दिसायची," तोलोनेनबाई म्हणाल्या. "ती तुर्कूला गेली आणि मी एकदम बरी दिसायला लागले. खा ते, निवलं की चिवट होतं."

यार्नोने खाल्लं. दुसरंही खाल्लं. मग हात पुसत विचारलं, "फार गार वाजतं का वर?"

"संध्याकाळी वाजतं. सात वर्षं मला वाटत होतं कमिटीने केलंय. कमिटी करेल असं काही, असं वाटणं हीच माझी चूक." (नोटीस आता सरळ झाली होती. मी दोन पायऱ्या खाली सरकलो.) "मला माहीत नव्हतं रे की खाली माणूस आहे."

तळघराच्या कोठीतून जुनं कार्ड त्याच संध्याकाळी वर आलं. बसवताना दिवा तोलोनेनबाईंनी धरला.

पुढच्या बैठकीत अध्यक्षबाईंनी हे सगळं नियमात बसवलं. त्यांच्या परीक्षक डोक्याला एकदम सुचलं की गाडीला जसे हिवाळी टायर, तसंच हे. हिवाळ्यात जुनं कार्ड, उन्हाळ्यात नवं, आणि अदलाबदल टायरांच्याच आठवड्यात. ठराव एकमताने मंजूर झाला. त्यावर अ-१४ च्या बिर्गिटबाईंनी विचारलं की माझ्या खाली कोणी खेळणारं का नाही, सभासद सगळे समान ना? म्हणून रिकामं असलेलं अ-११ भाड्याने देताना जाहिरातीत 'जुनं कार्ड असणाऱ्यास प्राधान्य' असं घालावं लागलं. सहा अर्ज आले. नवं कार्ड असलेल्या दोघांना खेदाने नाही म्हणावं लागलं. वार्षिक सभेत तोलोनेनबाई आपले सात आभार परत घ्यायला उठल्या, परंतु ठरावाला आव्हान देण्याची मुदत तीन महिन्यांची असते आणि सर्वांत ताजे आभारही अकरा महिन्यांचे होते.

राहता राहिला यार्नो. त्याचं म्हणणं एकच होतं: ते 'चौदापैकी पाच' इतिवृत्तातून काढा.

"सही झालेलं इतिवृत्त बदलता येत नाही," मी सांगितलं.

"ठीक आहे," यार्नो म्हणाला. तो बदलला होता. पूर्वी तो कमिटीसमोर टोपी हातात धरून उभा राहायचा, आता खुर्ची ओढून बसला. "सभासद सगळे समान ना? मग माझी घेतली तशी सगळ्यांची परीक्षा घ्या. ज्याने ज्याने गेल्या पाच वर्षांत काही नवीन घेतलंय आणि चांगलं आहे असं जिन्यात उभं राहून सांगितलंय, त्या सगळ्यांची."

कायद्याने त्याला नाही म्हणता येईना. वसंतात बर्फ वितळेपर्यंत परीक्षा चालल्या. अध्यक्षबाईंची नवी गादी, पाठीसाठी खास बनवलेली. डोळ्यांवर पट्टी बांधून त्या ती आणि तळघरातली जुनी अशा दोन्हींवर निजल्या, आणि जुनीवर झोप लागली म्हणून तिला नवी म्हणाल्या. तेन्होचा नवा ड्रिल. बिर्गिटबाईंचा सुऱ्यांचा जपानी संच. ओस्मो हुट्टुनेनचं नवं कानयंत्र. (दोन्ही यंत्रांवर त्याला प्रश्नच ऐकू आला नाही. कमिटीने नापास धरलं.) यार्नो प्रत्येक परीक्षेला हजर असे, पहिल्या रांगेत, आणि कधीही हसला नाही. परीक्षा अकरा जणांनी दिली. नापास अकरा. त्यातला एक मी. कशात, हे इतिवृत्तात नाही, कारण इतिवृत्त मी लिहितो.

तोलोनेनबाईंना परीक्षेला बोलावलं होतं. त्यांनी कळवलं की आपण १९९८ नंतर काही घेतलेलं नाही.

ही बातमी गावात पसरल्यापासून इतर सोसायट्यांतले लोक आमच्याकडे येतात, निकालाचा फलक वाचतात आणि पोट धरून हसतात. अशा पाहुण्यांसाठी, आणि ज्यांनी हे इथवर मजेत वाचलं त्यांच्यासाठीही, कमिटीने परीक्षा खुली केली आहे. अर्ज अ-जिन्याच्या दाराशी ठेवले आहेत, फी नाही. अट एवढीच, की नव्या वस्तूबरोबर तिच्यामुळे बाद झालेली जुनीही आणायची. आजवर बाहेरून एकही अर्ज भरून आलेला नाही. चौकशी केली तेव्हा प्रत्येकाने सांगितलं की जुनी वस्तू आपण त्याच दिवशी टाकून दिली.

आपणही टाकली असेलच. शहाणपणा केलात.